मानक एसक्यूएल आणि डेटाबेसच्या खास सोयी: समतोल साधण्यासाठी एक मार्गदर्शक

नव्या प्रकल्पात पहिले टेबल तयार होण्याआधीच संघात एक वाद सुरू होतो. काहींचे म्हणणे असते की फक्त मानक एसक्यूएल (डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा, तिच्या सर्वमान्य रूपात) वापरावे, म्हणजे उद्या डेटाबेस बदलण्याची वेळ आली तर अडचण येणार नाही. इतरांना वाटते की जे उत्पादन विचारपूर्वक निवडले आहे त्याच्या खास सोयी वापरायच्या नसतील, तर ते निवडले तरी कशाला? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र वाद ‘सगळे किंवा काहीच नाही’ अशा टोकावर गेला की निर्णय आवेशाने होतो आणि त्याचे ओझे नंतर येणाऱ्यांना वाहावे लागते.

एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या प्रणालीवर मी काम केले आहे आणि एकाच वेळी अनेक डेटाबेसांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवरही. त्या कामांतून माझे एक मत पक्के झाले. वाक्यरचनेतला फरक लगेच त्रुटी दाखवतो, म्हणून तो लवकर दुरुस्त होतो. वर्तनातला फरक काहीही न सांगता चुकीचे उत्तर देतो, म्हणून तो महाग पडतो. बहुतेक संघ मात्र आपली सगळी काळजी पहिल्या फरकावर खर्च करतात. पुढील मांडणी हे लक्षात ठेवून केली आहे.

सुरुवातीला जवळ काय असावे

- तुम्ही वापरत असलेल्या डेटाबेसचा नेमका आवृत्ती क्रमांक आणि त्याच आवृत्तीचे अधिकृत दस्तऐवज. पोस्टग्रेस (पोस्टग्रेएसक्यूएल) या डेटाबेसच्या दस्तऐवजात मानकातील कोणत्या बाबी उपलब्ध आहेत आणि कोणत्या नाहीत याची स्वतंत्र यादी आहे. शिवाय बहुतेक आज्ञांच्या पानाच्या शेवटी सुसंगततेविषयी टीप असते. ओरॅकलच्या संदर्भग्रंथातही मानकावर स्वतंत्र परिशिष्ट आहे.
- टेबलांच्या रचनेतील बदल क्रमाने नोंदवणारे साधन, उदाहरणार्थ फ्लायवे किंवा लिक्विबेस.
- चाचणीसाठी खरा डेटाबेस चालवता येईल अशी सोय. डेटाबेस वेगळ्या कप्प्यात चटकन सुरू करणाऱ्या डॉकर आणि टेस्टकंटेनर्स या साधनांमुळे हे आता सोपे झाले आहे.
- एसक्यूएलच्या बोली (उत्पादनानुसार बदलणारी रूपे) ओळखणारे तपासणी साधन, जसे एसक्यूएलफ्लफ.
- कोडसोबतच ठेवलेली एक साधी मजकूर फाइल, जिच्यात निर्णयांची नोंद होईल. तिचे काम शेवटच्या टप्प्यात येते, पण ती पहिल्या दिवशीच तयार करा.

मानकाची मूळ प्रत, म्हणजे आयएसओ/आयईसी ९०७५, विकत घ्यावी लागते. रोजच्या कामासाठी तिची गरज पडत नाही.

१. मानक म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्या

एडगर कॉड यांनी संबंधात्मक प्रतिमानाची, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीची, मांडणी १९७० मध्ये केली. एसक्यूएलला अमेरिकी मानक संस्थेची, म्हणजे एएनएसआयची, मान्यता १९८६ मध्ये मिळाली आणि १९८७ मध्ये ते आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या निघत आल्या आहेत. १९९२ ची आवृत्ती आजही अनेकांच्या डोक्यात ‘मानक एसक्यूएल’ म्हणून बसलेली आहे. वास्तविक १९९९ मध्ये पुनरावर्ती क्वेरी (स्वतःचाच निकाल पुन्हा वापरणारे, डेटाबेसला विचारलेले प्रश्न) आल्या, २००३ मध्ये विंडो फंक्शन्स (ओळी न एकवटता त्यांच्या गटावर हिशेब करणारी) आणि मर्ज (ओळ असेल तर बदलणे, नसेल तर घालणे) आले, २०११ मध्ये कालसापेक्ष टेबले, २०१६ मध्ये जेसन (नाव-मूल्यांच्या जोड्यांचा मजकूर-साचा) हाताळण्याची फंक्शन्स आणि २०२३ मध्ये आलेख-क्वेरी. त्यामुळे ‘मानकात हे नाही’ असे कोणी म्हणाले, तर कोणत्या वर्षाच्या मानकात, हे आवर्जून विचारा.

दुसरी बाब अशी की प्रचलित असलेले कोणतेही उत्पादन संपूर्ण मानक पाळत नाही. १९९९ पासून मानकाचा एक गाभा आहे आणि बाकीच्या बाबी ऐच्छिक आहेत. म्हणून ‘आम्ही मानक पाळतो’ या वाक्याचा अर्थ प्रत्येक उत्पादनाच्या बाबतीत वेगळा होतो.

तिसरी बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याचदा सोय आधी उत्पादनात येते आणि मानक मागाहून येते, तेही वेगळ्या रूपात. ओरॅकलमध्ये श्रेणीबद्ध माहितीसाठी ‘कनेक्ट बाय’ पूर्वीपासून होते. मानकाने १९९९ मध्ये पुनरावर्ती ‘विथ’ स्वीकारले आणि पुढे ओरॅकलनेही ते दिले. पोस्टग्रेसमध्ये जेसनबी हा जेसन साठवण्याचा प्रकार २०१४ च्या ९.४ आवृत्तीत आला, तर मानकातील जेसन फंक्शन्स २०१६ ची. आज तुम्ही घेतलेली खास सोय उद्या मानकात येऊ शकते, पण तेव्हा तिची वाक्यरचना तुमच्या कोडशी जुळेलच असे गृहीत धरू नका.

२. डेटाबेस बदलण्याची शक्यता खरी आहे का, ते ठरवा

तुमचे सॉफ्टवेअर ग्राहक स्वतःच्या डेटाबेसवर बसवणार असतील, तर अनेक डेटाबेसांवर चालणे ही आजची गरज आहे आणि तिच्यासाठी आजच खर्च करणे योग्य आहे. इतर विकासकांसाठी लायब्ररी (तयार कोडचा संच) किंवा फ्रेमवर्क तयार करणाऱ्यांनाही हेच लागू पडते.

तुमची प्रणाली एकाच संस्थेसाठी असेल आणि एकाच डेटाबेसवर चालणार असेल, तर डेटाबेस बदलण्याची तयारी हा एक प्रकारचा विमा ठरतो, आणि विम्याचा हप्ता किती भरायचा हे विचारपूर्वक ठरवावे लागते. परवान्याचा खर्च, उत्पादनाला मिळणारा आधार संपण्याची तारीख, संघातील कौशल्य, आणि त्याच माहितीवर पुढे दुसऱ्या प्रणाली बसणार आहेत का, या गोष्टी लिहून काढा. शक्यता कमी असेल तर तसे स्पष्ट लिहा आणि कारणही लिहा. कोणीच निर्णय न घेता ‘कधीतरी बदलेल’ या अस्पष्ट भीतीपोटी प्रत्येक क्वेरी अपंग करून ठेवणे हा या विषयातला सर्वांत सामान्य अपव्यय आहे.

३. जिथे मानक रूप फुकट मिळते, तिथे तेच लिहा

हा टप्पा सोपा आहे. पर्यायी मूल्यासाठी एनव्हीएल, आयएफनल किंवा आयएसनल यांऐवजी कोअलेस. सद्य वेळेसाठी सिसडेट किंवा गेटडेट यांऐवजी करंट टाइमस्टॅम्प. अटींसाठी डीकोडऐवजी केस. प्रकार बदलण्यासाठी पोस्टग्रेसच्या दुहेरी विसर्गचिन्हाऐवजी (::) कास्ट. आणि दोन टेबले जोडताना ओरॅकलच्या जुन्या अधिक-चिन्हाच्या जोडणीऐवजी स्पष्ट जॉइन. यांपैकी कशानेही वेग कमी होत नाही आणि नवीन सहकाऱ्याला कोड लवकर कळतो.

टेबलांची आणि कॉलमांची नावे लहान लिपीत (लोअरकेस) व अधोरेषेने जोडून लिहा आणि अवतरण चिन्हे टाळा. अवतरण नसलेली नावे मानकानुसार मोठ्या लिपीत रूपांतरित होतात. ओरॅकल तसे करते, पोस्टग्रेस ती लहान लिपीत नेते, आणि मायएसक्यूएलमध्ये टेबलाच्या नावातील लिपीभेद सर्व्हरच्या फाइल प्रणालीवर आणि त्याच्या मांडणीवर अवलंबून असतो. ‘युझर’ किंवा ‘ऑर्डर’ असे राखीव शब्द टेबलाला नाव म्हणून देऊ नका.

इथे एक सापळा आहे. मानक रूप हे नेहमी सर्वाधिक ठिकाणी चालणारे रूप असतेच असे नाही. ठरावीक ओळी मिळवण्यासाठी मानकात ‘फेच फर्स्ट’ आहे आणि ते ओरॅकल, डीबी२ व पोस्टग्रेस यांत चालते, पण मायएसक्यूएलमध्ये चालत नाही. ‘लिमिट’ मानकात नाही, तरी पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट या तिन्हींत चालते. त्याचप्रमाणे मजकूर जोडण्यासाठीच्या दोन उभ्या रेघा मानकात आहेत, पण मायएसक्यूएल मूळ मांडणीत त्यांचा अर्थ ‘किंवा’ असा घेते. तिथे क्वेरी त्रुटी न देता चालते आणि जोडलेल्या मजकुराच्या जागी शून्य किंवा एक हाती देते. हे उदाहरण वाक्यरचनेचे वाटले तरी ते पुढच्या टप्प्यात मोडते.

४. वर्तनातील फरकांवर सर्वाधिक वेळ द्या

या टप्प्यातील प्रत्येक मुद्दा स्वतःच्या डेटाबेसवर चालवून पाहा. केवळ वाचून पुढे जाऊ नका.

रिकामा मजकूर. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) आणि नल (मूल्यच नसणे) यांत फरक करत नाही. मानकात आणि इतर बहुतेक उत्पादनांत त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या कॉलमला नल चालत नाही, त्यात रिकामा मजकूर घालणारा कोड एका ठिकाणी मुकाट चालतो आणि ओरॅकलवर अडतो. उलट दिशेने गेलात तर ‘नल आहे का’ अशी अट असलेल्या क्वेरी रिकाम्या मजकुराच्या ओळी सोडून देतात.

नल आणि अनन्यता. अनन्य (एकही मूल्य दोनदा येऊ नये असे) ठरवलेल्या कॉलमात पोस्टग्रेस कितीही नल ठेवू देते, तर एसक्यूएल सर्व्हर एकच. पोस्टग्रेसच्या १५ व्या आवृत्तीपासून हे वर्तन स्पष्टपणे निवडता येते. क्रम लावतानाही फरक पडतो. पोस्टग्रेस आणि ओरॅकल नलला सर्वांत मोठे मानतात. मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट सर्वांत लहान. पानापानाने निकाल दाखवणाऱ्या पडद्यावर पहिले पानच बदलून जाते.

मजकुराची तुलना. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर यांच्या नेहमीच्या मांडणीत लहान-मोठ्या लिपीचा भेद धरला जात नाही. पोस्टग्रेस आणि ओरॅकल तो धरतात. ईमेल पत्त्यावरून वापरकर्ता शोधणारी क्वेरी यामुळे एके ठिकाणी तो शोधून देते आणि दुसरीकडे ‘असा वापरकर्ता नाही’ म्हणते. त्याहून गंभीर म्हणजे एकाच व्यक्तीची दोन खाती तयार होतात.

ट्रॅन्झॅक्शनचे पृथक्करण. ट्रॅन्झॅक्शन म्हणजे एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणारा आज्ञांचा गट, आणि पृथक्करण म्हणजे एकाच वेळी चालणारे असे गट एकमेकांपासून किती वेगळे राहतात ते. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नावे सारखी असतात आणि हमी वेगळी असते. काहीही न सांगता पोस्टग्रेस आणि ओरॅकल ‘रीड कमिटेड’ (फक्त कायम झालेली माहिती वाचणे) देतात, तर मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन ‘रिपीटेबल रीड’ (पुन्हा वाचले तरी तेच दिसणे) देते. त्याहून सूक्ष्म फरक ‘सीरियलायझेबल’ (सगळे एकामागोमाग चालल्यासारखा निकाल) या पातळीत आहे. ओरॅकलमध्ये या नावाखाली प्रत्यक्षात स्नॅपशॉट पृथक्करण मिळते, म्हणजे प्रत्येक ट्रॅन्झॅक्शन आपल्या सुरुवातीच्या क्षणीचे चित्र पाहत काम करते. समजा, दोन गोदामांतील साठ्याची बेरीज एका मर्यादेखाली जाऊ नये असा नियम आहे. दोन ट्रॅन्झॅक्शन एकाच वेळी बेरीज वाचतात, एक पहिल्या गोदामातून माल कमी करते आणि दुसरे दुसऱ्या गोदामातून. ओळी वेगळ्या असल्यामुळे दोघांची टक्कर होत नाही, दोन्ही यशस्वी होतात आणि नियम मोडतो. पोस्टग्रेसने २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून या पातळीवर अशी स्थिती ओळखून एक ट्रॅन्झॅक्शन रद्द करण्याची व्यवस्था केली आहे. मात्र मग रद्द झालेले काम पुन्हा चालवण्याची जबाबदारी तुमच्या कोडवर येते. अशा नियमांसाठी संबंधित ओळींवर किंवा एका सामाईक ओळीवर स्पष्ट कुलूप घेणे हा कोणत्याही डेटाबेसवर टिकणारा मार्ग आहे.

त्रुटीनंतरची स्थिती. ट्रॅन्झॅक्शनच्या मध्ये एखादी आज्ञा फसली, उदाहरणार्थ दुबार किल्ली (ओळ ओळखण्याचे तेच मूल्य पुन्हा) आली, तर ओरॅकल आणि मायएसक्यूएल तेवढीच आज्ञा मागे घेतात आणि पुढे जाऊ देतात. पोस्टग्रेस मात्र रोलबॅक (सगळे ट्रॅन्झॅक्शन मागे घेणे) होईपर्यंत, किंवा आधी ठेवलेल्या सेव्हपॉइंटवर (मधल्या खुणेवर) परत जाईपर्यंत, पुढची प्रत्येक आज्ञा नाकारते. ‘घालून पाहू, नाही जमले तर बदलू’ अशा पद्धतीने लिहिलेला कोड इथे कोसळतो.

रचनेतील बदल. पोस्टग्रेसमध्ये टेबल तयार करणे किंवा बदलणे ट्रॅन्झॅक्शनमध्ये करता येते आणि मागेही घेता येते. ओरॅकल आणि मायएसक्यूएल अशा आज्ञेसोबत चालू ट्रॅन्झॅक्शन आपोआप कायम करतात. म्हणून तिथे रचनेतील बदलाची प्रत्येक फाइल एकाच बदलापुरती ठेवा. अर्धवट राहिलेली फाइल हाताने निस्तरणे फार त्रासाचे असते.

५. खास सोय घ्यायची की नाही, हे तिच्या प्रकारावरून ठरवा

सोयींचे मी चार गट करतो, आणि गट बदलला की सोडून जाण्याची किंमत बदलते.

पहिल्या गटात फक्त वेगासाठी असलेल्या सोयी येतात: आंशिक इंडेक्स (काही ओळींपुरतीच शोध-सूची), जिन इंडेक्स (जेसन, अ‍ॅरे यांच्या आतले शोधणारी सूची), टेबलांचे विभाजन. त्या काढल्या तरी क्वेरीचे उत्तर तेच राहते, फक्त उशिरा मिळते. (अनन्यतेचा नियम आंशिक इंडेक्सवर बसवला असेल तर तो अपवाद समजा.) या सोयी मोकळेपणाने घ्या. त्यांना ‘विक्रेत्याच्या जाळ्यात अडकणे’ म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसऱ्या गटात क्वेरीच्या वेगळ्या रूपाच्या सोयी येतात. इथे स्वतःला विचारा की ही सोय नसती तर आपण काय लिहिले असते आणि ते बरोबर असते का. ओळ असेल तर बदलणे आणि नसेल तर घालणे, हे काम आधी शोधून मग घालण्याच्या दोन पायऱ्यांत केले, तर एकाच वेळी आलेल्या दोन विनंत्यांत ते चुकते. पोस्टग्रेसचे ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ आणि मायएसक्यूएलचे ‘ऑन ड्युप्लिकेट की अपडेट’ मानकात नाहीत, पण ते एकाच आज्ञेत काम पूर्ण करतात. मानकातले मर्ज पोस्टग्रेसमध्ये १५ व्या आवृत्तीत आले, तरी एकाच वेळी दोन ठिकाणांहून ओळ घातली गेली तर त्यात अनन्यतेची त्रुटी येऊ शकते. अशा ठिकाणी मी मानकापेक्षा अचूकता निवडतो आणि तुम्हीही निवडावी असे आग्रहाने सांगतो. त्याचप्रमाणे कामांची रांग टेबलात ठेवताना उपयोगी पडणारे ‘स्किप लॉक्ड’ (इतरांनी कुलूप लावलेल्या ओळी वगळणे) मानकात नसले तरी पोस्टग्रेस, मायएसक्यूएल ८.० आणि ओरॅकल यांत आहे. एखादी सोय अनेक उत्पादनांत थोड्याफार फरकाने मिळत असेल, तर तिचा धोका नाममात्र असतो.

तिसरा गट माहितीच्या आकाराशी संबंधित आहे: अ‍ॅरे (एकाच रकान्यात मूल्यांची यादी), जेसनबी, उत्पादनाचे स्वतःचे प्रकार, विस्तारांतून आलेले प्रकार. इथे सावकाश चला, कारण कोड पुन्हा लिहिता येतो, पण साठलेली माहिती नव्या आकारात ओतावी लागते. भौगोलिक माहितीसाठी पोस्टजीआयएस घेण्यात मला संकोच वाटत नाही, कारण त्यामागे ओजीसी या संस्थेचे खुले मानक आहे आणि माहिती मानक रूपात बाहेर काढता येते. उलट ज्या क्षेत्रांवर रोज शोध, जोडणी आणि बेरीज होते ती क्षेत्रे केवळ सोय म्हणून जेसनमध्ये कोंबणे मी टाळतो. ती साध्या कॉलमांत असावीत.

चौथ्या गटात डेटाबेसच्या आतल्या भाषेत लिहिलेले व्यवसायाचे नियम येतात. ओरॅकलची पीएल/एसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हरची टी-एसक्यूएल आणि पोस्टग्रेसची पीएल/पीजीएसक्यूएल या एकमेकींसारख्या दिसतात, पण एकीतला कोड दुसरीत तसाच चालत नाही. यासाठीचे मानक १९९६ पासून आहे, तरी या मोठ्या उत्पादनांनी आपापल्या भाषा कायम ठेवल्या. सोडून जाण्याची किंमत या गटात सर्वांत जास्त असते. माहितीचा प्रवाह प्रचंड असेल आणि ती डेटाबेसबाहेर आणणे परवडत नसेल, तरच हा मार्ग घ्या, आणि घेतला तर त्या कोडलाही आवृत्ती-नियंत्रण व चाचण्या लावा.

६. खास सोयी एका जागी बंदिस्त ठेवा

खास सोय वापरणाऱ्या सर्व क्वेरी माहिती मिळवणाऱ्या एकाच थरात ठेवा आणि त्यांना कामावरून नाव द्या. ‘पुढचे न उचललेले काम घे’ असे फंक्शन असेल, तर आत ‘स्किप लॉक्ड’ आहे की आणखी काही, हे बाहेरच्या कोडला कळण्याचे कारण नाही. बदलाची वेळ आली तर किती फाइली उघडाव्या लागतील, हे तुम्हाला त्याच दिवशी सांगता आले पाहिजे.

स्वतःचे एसक्यूएल-जनक लिहिण्याचा मोह मात्र टाळा. सर्व डेटाबेसांत समान असलेले तेवढेच देणारा थर कालांतराने एक अर्धवट भाषा होऊन बसतो आणि ती फक्त तुमच्याच संघाला येते. कोडमधून एसक्यूएल तयार करून देणारी हायबरनेटसारखी तयार साधने वाक्यरचनेचा फरक चांगला झाकतात, परंतु चौथ्या टप्प्यातील एकही फरक ती पूर्णपणे मिटवत नाहीत.

७. चाचण्या त्याच डेटाबेसवर चालवा

वेग मिळावा म्हणून चाचण्या एसक्यूलाइट किंवा एचटू या हलक्या डेटाबेसांवर आणि प्रत्यक्ष प्रणाली पोस्टग्रेस किंवा ओरॅकलवर, ही पद्धत अजूनही आढळते. ती सोडून द्या. एसक्यूलाइट मूळ मांडणीत पूर्णांकाच्या कॉलमात मजकूर स्वीकारते. काटेकोर टेबलांची सोय २०२१ च्या ३.३७ आवृत्तीत आली आणि ती मागावी लागते. परकीय किल्लीची (दुसऱ्या टेबलातील ओळीकडे बोट दाखवणाऱ्या मूल्याची) तपासणीही तिथे सहसा प्रत्येक जोडणीवर स्वतंत्रपणे चालू करावी लागते. म्हणजे जे नियम मोडले जाऊ नयेत म्हणून तुम्ही चाचणी लिहिली, तेच नियम चाचणीच्या वेळी बंद असू शकतात.

अनेक डेटाबेसांना आधार देत असाल, तर संपूर्ण चाचणी संच प्रत्येकावर, प्रत्येक बदलानंतर चालला पाहिजे. ज्या डेटाबेसवर चाचण्या चालत नाहीत, त्याला आधार असल्याचे जाहीर करू नका.

८. नोंद ठेवा आणि बाहेर पडण्याची वाट तपासा

सुरुवातीला तयार केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक खास सोयीसाठी मोजक्या ओळी लिहा: सोय कोणती, ती का घेतली, कोणत्या गटातली आहे, कोडमध्ये कुठे आहे आणि ती नसेल तर पर्याय काय.

उत्पादनाच्या स्वतःच्या साच्यातील प्रतीला बाहेर पडण्याची वाट समजू नका. ती बहुधा त्याच उत्पादनात परत भरता येते. ठरावीक काळाने माहिती सीएसव्हीसारख्या साध्या रूपात काढा आणि रिकाम्या डेटाबेसात भरून पाहा. दशांश संख्यांची अचूकता, वेळेसोबतचा कालविभाग, आणि नल व रिकामा मजकूर यांतला भेद टिकला का, हे तपासा. ओरॅकलच्या ‘डेट’ प्रकारात तासमिनिटेही असतात, त्यामुळे तिथून निघालेली तारीख केवळ तारखेच्या कॉलमात भरली तर वेळ गळून पडते. आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचा गणक माहिती भरल्यानंतर पुढे सरकवला नाही, तर पहिल्याच नव्या ओळीला दुबार किल्लीची त्रुटी येते.

ही नोंदवही डेटाबेसची आवृत्ती वाढवतानाही उघडा, कारण एकाच उत्पादनाच्या दोन आवृत्त्यांतही वर्तन बदलते. मायएसक्यूएल ८.०.१६ पूर्वी ‘चेक’ची अट (कॉलमात कोणती मूल्ये चालतील याचा नियम) वाचून घेत असे, पण ती साठवत नसे आणि लागूही करत नसे. तेव्हा तयार केलेल्या टेबलांवर आवृत्ती वाढवल्यानंतरही ती अट नसतेच. ती पुन्हा जोडावी लागते, आणि दरम्यान शिरलेल्या चुकीच्या ओळी आधी शोधून दुरुस्त केल्याशिवाय डेटाबेस ती जोडू देत नाही.